तोंडपालट

२०१८ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी मी ओट्यावर पावटे सोलत बसले होते. यासीन मुल्लाणी फाटकाबाहेर चपला काढून आत आला. चपला फाटकाबाहेर काढायची सवय त्याला मीच लावली होती, तो चौथीत असताना. आता तो चोवीस वर्षांचा बाप्या झाला होता आणि आपल्या मोबाइलच्या दुकानामागच्या खोलीत त्यानं पोरांची गाणी भरून घ्यायचा स्टुडिओ काढला होता.

"बाई, जरा ऐकतासा का? दोन मिनिटांचंच हाय."

त्यानं मोबाइल माझ्या कानाशी धरला. आधी मागाची खटखट ऐकू आली. आमच्या इचलकरंजीत ती इतकी अंगात मुरलेली असते की थांबली तरच माणसं दचकतात. त्या खटखटीवर एक पोरगा ताड ताड बोलत होता, यमकं जुळवत, दम न घेता.

"हा कोण?"

"तुमच्याच वर्गातला. प्रज्वल घुणके. आता त्याला भोंगा म्हणत्यात. रॅप करतोय."

"आणि शिव्या कुणाला देतोय एवढ्या?"

"दिगंबर म्हेत्रेला. तो धोटा."

गिरणीचा भोंगा आणि मागावर इकडून तिकडं पळणारा धोटा. पोरांनी नावं तरी गावातलीच घेतली होती, याचं मला बरं वाटलं. दोघं माझ्या वर्गात एका बाकावर बसायचे. दोघांनी माझी छडी खाल्ली होती.

यासीननं सगळं सांगितलं. सुरुवात दिगंबरनं केली होती. प्रज्वलच्या बापानं पूर्वी कारखान्यातून कापड चोरलं होतं, ते प्रकरण त्यानं गाण्यात घातलं. त्याला प्रज्वलनं उत्तर दिलं, ते मी आत्ता ऐकत होते. मग दोघांच्या गोतावळ्याची चौकात गाठ पडली. दिगंबरच्या दोस्ताचं डोकं फुटलं, चौदा टाके पडले.

"आता दिग्यानं कोयता आणलाय, बाई. मी डोळ्यांनी बघितलाय. कुणाचं ऐकंना झालाय. तुमी बोलवलासा तर दोघंबी येतील. तुमच्यापुढं अजून त्यांची मान वर होत न्हाई."

"मी काय करू त्यांचं?"

"तुमीच सांगितला हुतासा की आमाला वर्गात. तुमच्या आबांची ती रीत. तोंडपालट."

सोलता सोलता माझा हात थांबला. साठ वर्षांत तो शब्द माझ्याशिवाय कुणी उच्चारला नव्हता.

माझे वडील शाहीर होते, तुरेवाले. त्या काळी कलगीवाल्यांचा आणि तुरेवाल्यांचा सामना रात्ररात्र चाले. आधी देवाधर्माचे सवाल, मग एकमेकांच्या अकलेचे, आणि पहाटेला गाडी आईबहिणीवर यायची. कधी कधी दगड पडायचे. असं फार ताणलं की आमच्या फडातले जुने लोक तोंडपालट करायचे. दोन्ही शाहिरांनी समोरासमोर बसायचं. समोरच्यानं आपल्यावर जे सगळ्यांत वाईट कवन केलं असेल ते आपणच म्हणायचं, त्याच्याच डफावर, आपल्याच तोंडानं, एक अक्षर न गाळता. मग गूळ खायचा. त्यानंतर ते कवन मेलं. पुन्हा कुणी म्हणायचं नाही.

मी नऊ वर्षांची असताना आबांना तसं म्हणताना पाहिलं होतं. कलगीवाल्या येसू शाहिरानं माझ्या आईवर कवन केलं होतं. आबांनी ते डफ वाजवत म्हटलं. लोक पोट धरधरून हसले, आबाही हसले, येसू शाहिरानं रडत त्यांना मिठी मारली. मला गुळाचा मोठा खडा मिळाला होता.

"रविवारी दुपारी बोलव दोघांना, तुझ्या खोलीत. म्हणावं, शेलारबाईंनी बोलावलंय," मी म्हटलं.

यासीन पाया पडून गेला. मी उरलेले पावटे सोललेच नाहीत. आत गेले आणि खुंटीवरचा आबांचा डफ उतरवून पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी दिगंबरची बहीण आली. कावेरी. ती एका कारखान्यात धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या भरायला जायची. बोटांना सुताचे चरे पडलेले, केसांत कापसाची पिंजर. गालावर मात्र हळदीच्या आधीचं तेज आलं होतं. जयसिंगपूरच्या मुलाशी तिचं ठरलं होतं, वैशाखात लग्न होतं. ती दारातच उभी राहिली.

"ये की आत."

"नको बाई, जेवणाच्या सुट्टीतनं आलीया. बाई, दादाला ते म्हणायला लावू नका."

"काय?"

"तुमी ऐकलाय की ते."

ऐकलं होतं. प्रज्वलच्या गाण्यातल्या त्या ओळी अशा होत्या:

*धोटा पळतो इकडून तिकडं, घामानं न्हातो,*
*घरातला धागा तुटला तरी गाणी गातो.*
*बहीण गेली सांगलीला, तीन महिन्यांनी आली,*
*भरली कांडी घेऊन गेली, रिकामी कशी झाली?*

ती तीन महिने सांगलीला मावशीकडे होती. का, ते मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही नाही.

"अगं, त्यानं ते म्हटलं की संपलंच ते," मी तिला समजावलं. "विष उतरतं. हीच तर रीत आहे. काटा ज्याला रुतला त्यानंच उपटायचा असतो."

"काटा मला रुतलाय, बाई."

ती हे काही मोठ्यानं बोलली नाही. सुताचा गुंता सोडवताना बोलावं तसं बोलली. मी म्हटलं, "तू लहान आहेस अजून."

"जयसिंगपूरच्या लोकांनी ऐकलंय ते गाणं. सासूबाई म्हणाल्या, वैऱ्याचं तोंड, त्याचं काय एवढं मनावर घ्यायचं. पर दादाच्या तोंडातनं..."

"बंद खोलीत होणार आहे. चौघांशिवाय कुणी नसणार. फोनसुद्धा बाहेर ठेवायला लावणार आहे मी. आणि तो कोयता? तो चालवला त्यानं तर तुझं लग्न राहील का?"

मला ते उत्तर जमल्याचा आनंद झाला होता, हे मला आजही आठवतं. जाताना ती म्हणाली, "मग निदान त्या चार ओळी सोडून म्हणू दे."

"गाळलं तर ती तोंडपालट नव्हे," मी म्हटलं.

रविवारी मी पदराखाली डफ आणि पुडीत गूळ घेऊन यासीनकडे गेले. खोली कसली, मोठं कपाटच. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, मध्ये माइक, पलीकडे काच आणि काचेमागं यासीनचा संगणक. काचेच्या वर एक छोटा दिवा होता.

"हा कशाला?"

"लाल झाला की समजायचं, आतलं सगळं भरून घेतलं जातंय. आत असलेल्यानं मग खोकायचंबी न्हाई."

प्रज्वल आधी आला. गळ्यात साखळी, केस कोंबड्यासारखे. आल्या आल्या माझ्या पाया पडला. "बाई, वजन घटलंय तुमचं. पेन्शन पुरंना काय?"

"गप बस. आणि ती चेन काढ."

त्यानं काढली. दिगंबर आला तो सरळ कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. लहानपणी शिक्षा झाली की असाच उभा राहायचा. मी तिघांचे फोन मागितले, माझाही धरून एका टोपलीत घातले आणि टोपली दुकानात ठेवून दार लावून घेतलं.

"कोयता?"

मी हात पुढे केला. दिगंबरनं शर्टाच्या मागून कोयता काढला आणि माझ्या हातात दिला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. प्रज्वलचा चेहरा पहिल्यांदाच उतरला.

"लगा, खरंच आणला हुतास?"

"तुझ्या नरड्यासाठनं."

"बसा दोघं," मी म्हटलं. "आता काय करायचं ते यासीननं सांगितलंय. समोरच्याचा ठेका, समोरच्याचे शब्द, तोंड आपलं. अक्षर गाळायचं नाही. प्रज्वल, तू आधी."

प्रज्वल माइकपुढं गेला. यासीननं दिगंबरचा ठेका लावला. आणि त्या पोरानं काय म्हटलं म्हणून सांगू! स्वतःच्या बापाची चोरी त्यानं अशी रंगवली की आबा असते तर त्यांनी फेटा उडवला असता.

*पोटाला गुंडाळून तागा, बाप निघाला दारातनं,*
*मालकानं फेडलं धोतर, कापड निघालं पोटातनं!*

म्हणता म्हणता तो पोट फुगवून चालला, धोतर सावरल्याची नक्कल केली, गिरकी घेऊन कापड उलगडल्यासारखे हात केले. मी हसले. यासीन काचेमागं हसला. दिगंबरच्याही ओठाचा कोपरा हलला.

"कसं काय, बाई?" प्रज्वल धापा टाकत म्हणाला. "बाप बघत असंल वरनं. म्हणंल, जित्तेपणी कापड गेलं, मेल्यावर टाळ्या मिळाल्या."

म्हणजे रीत चालत होती. माझ्या डोळ्यांसमोर होत होतं ते. साठ वर्षांनी, अंड्यांच्या पुठ्ठ्यांच्या खोलीत.

"दिगंबर."

तो उठला. माइकपाशी गेला. यासीननं काचेपलीकडून माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली.

प्रज्वलचा ठेका सुरू झाला. दिगंबरनं पहिल्या दोन ओळी म्हटल्या. आवाज कोरडा होता, पण ठेक्यात होता. मग तो थांबला. ठेका चालूच राहिला, खटाक खट, खटाक खट.

"बाई, पुढचं नको."

"पुढचंच हवं."

"राहू दे की बाई," प्रज्वल म्हणाला. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवते. तो म्हणाला होता. "मला पोचलं. मी गाणं काढून टाकतो. जाऊ दे त्याला."

"तू मध्ये बोलू नकोस. उद्या हा म्हणेल, मी अर्धंच म्हटलं, भांडण अर्धं बाकी आहे. दिगंबर, माझ्याकडे बघ. चौथीत कविता पाठ नव्हती तेव्हा किती वेळ उभा केला होता तुला?"

"शाळा सुटंपर्यंत."

"मग? म्हण."

तो एकवीस वर्षांचा होता. हाताच्या शिरा दोरखंडासारख्या. दोन पावलं टाकून दार उघडलं असतं तर त्याला अडवायला त्या खोलीत कुणी समर्थ नव्हतं. पण समोर बाई होती. त्यानं माइक दोन्ही हातांनी धरला.

*बहीण गेली सांगलीला...*

शेवटच्या ओळीला त्याचा आवाज फाटला. 'रिकामी' म्हणताना तो रडत होता आणि 'झाली' नंतर नुसता हुंदका आला. ठेका आणखी थोडा वेळ चालून थांबला. दिगंबर तिथंच खाली बसला. प्रज्वल त्याच्याशेजारी बसला, त्याला धरलं आणि तोही रडायला लागला. "चुकलं लगा माझं, चुकलं."

मी दोघांच्या तोंडात गूळ घातला. दिगंबरला गिळवेना. त्याचा जबडा मी हातानं मिटवला, लहान मुलाला औषध पाजताना मिटवतात तसा.

जाताना मी यासीनला म्हटलं, "माझ्या फोनवर पाठव ते."

मी त्या वेळी काय म्हटलं ते एवढंच. बाकीचं मी सात वर्षं कुणाला सांगितलेलं नाही.

यासीननं काचेपलीकडून बघितलं तेव्हा तो विचारत होता, भरून घेऊ का बंद ठेवू? आणि मी मान हलवली ती 'घे' म्हणून. दिवा प्रज्वलच्या वेळेपासून लाल होता. दिगंबर पाठमोरा होता, त्याला दिसला नाही. घरी आल्यावर मी ते तीनदा ऐकलं. मग माझ्या फोनवर 'आबांचा फड' म्हणून एक ग्रुप होता, आबांच्या साथीदारांची मुलं-नातवंडं, आम्ही नऊजण, त्यावर ते टाकलं. दिगंबरचंच टाकलं. प्रज्वलचं मोठं होतं, जाईना. वर लिहिलं, 'आबांची रीत अजून जिवंत आहे. सायंकाळी पाच वाजता दोन वैरी एक झाले.'

सातजणांनी हात जोडले. एकानं लिहिलं, 'अंगावर काटा आला.'

बुधवारी ते गावात होतं. बाकीच्या आठजणांपैकी कुणी पुढं धाडलं, ते कळून उपयोग नव्हता. कारखान्यांत पोरं मागाच्या आवाजावर मोबाइल लावून ऐकत होती. प्रज्वलचं जुनं गाणं ऐकून लोक म्हणायचे, वैरी आहे, काहीही बोलेल. आता म्हणू लागले, सख्खा भाऊ रडून सांगतोय, मग खोटं कसं? कावेरी कांड्या भरत होती तिथं पाळी बदलायच्या वेळेला कुणीतरी ते मोठ्यानं लावलं. ती हातातली कांडी पुरी भरून उठली, असं तिच्यासोबतच्या बाईनं मला सांगितलं. अर्धी टाकली नाही.

त्याच संध्याकाळी ती माझ्याकडे आली. या खेपेला दारातसुद्धा थांबली नाही, फाटकापाशीच उभी राहिली.

"बाई, जयसिंगपूरहून माणूस येऊन गेला."

"काय म्हणाले?"

"काय म्हणणार? दादाचा आवाज ऐकवला आमच्या आईला. म्हणाले, आमी कुठं काय म्हणतोय, तुमचंच माणूस म्हणतंय."

मी म्हटलं, "यासीननं असं करायला नको होतं."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं, मला ठाऊक नाही. ठाऊक नाही असं म्हणणंही खोटंच. ते तयार होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग गेली.

माझं वाक्य कावेरीनं घरी सांगितलं असेल, किंवा लोकांनी आपणच ताडलं असेल. शुक्रवारी दुपारी यासीनच्या दुकानावर पंधरा-वीस पोरं गेली. गंमत अशी की ती दोन्ही बाजूंची होती. तोंडपालट झाली होती ना, आता ती एक होती. त्यांनी काच फोडली, संगणक रस्त्यावर आपटला, पुठ्ठे ओरबाडून पेटवले. यासीनला विचारत होते, कुणाला पाठवलंस? सांग, कुणाला? त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं दारात चेमटली. तो म्हणाला, "चुकून गेलं."

एप्रिलमध्ये शांतता समितीनं माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि मानपत्र. निवेदक म्हणाला, पोलिसांना जे जमलं नाही ते एका शाहिराच्या लेकीनं गुळाच्या खड्यानं केलं. खोटं नव्हतं ते. त्या रविवारनंतर गावात रॅपवाल्या पोरांत एकदाही मारामारी झाली नाही. समेट टिकला.

घरी आल्यावर शाल घडी करताना मला अचानक आठवलं, आबांच्या तोंडपालटीच्या दिवशी आई कुठं होती. ती मांडवाच्या मागच्या दोरीला धरून उभी होती. लोक हसत होते आणि मी गुळाचा खडा घेऊन तिच्याकडे पळत गेले. तिनं तो घेतला नाही. त्या दिवशी ती जेवली नाही आणि त्यानंतर मरेपर्यंत आबांच्या एकाही कार्यक्रमाला गेली नाही. आबा लोकांना सांगायचे, हिला गाण्याचं अंगच नाही.

प्रज्वल पुढं पुण्याला गेला. त्याचं नाव झालं, मोठ्या स्टेजवर गातो. बापाच्या धोतराचं ते कवन तो अजून करतो, लोक टाळ्या वाजवतात. कावेरीवरचं गाणं मात्र त्यानं सांगितल्याप्रमाणे कायमचं काढून टाकलं. त्याच्या आवाजातलं आता गावात कुणाकडे नाही. दिगंबरचं आहे.

दिगंबर टेम्पो चालवतो. त्यानं पुन्हा गाणं केलं नाही आणि बोलणंही बेताचंच ठेवलं. बहिणीनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. पहिले काही महिने तो तिचा डबा कारखान्याच्या दारात ठेवून यायचा, संध्याकाळी तसाच भरलेला उचलून आणायचा.

कावेरी त्या दिवाळीत भिवंडीला गेली, कांड्या भरायलाच. लग्न केलं नाही. तीन वर्षांपूर्वी आई वारली तेव्हा निरोप धाडला होता. आली नाही. पैसे आले, चिठ्ठी नव्हती.

कोयता माझ्याकडेच राहिला. नारळ फोडायला बरा पडतो.

यासीन आता बसस्थानकाजवळ मोबाइलची कव्हरं विकतो, जमिनीवर पोतं अंथरून. उजव्या हाताची तीन बोटं वळत नाहीत, म्हणून सुटे पैसे डाव्या हातानं देतो. त्यानं ते फक्त एकाच माणसाला पाठवलं होतं. कुणाला, ते त्यानं त्या दिवशी दारात बोटं अडकलेली असतानाही सांगितलं नाही आणि नंतरही कधी नाही. मी त्या रस्त्यानं जायचं टाळते, पण दवाखान्याला तोच रस्ता आहे. मी लांबून दिसले की तो गिऱ्हाईक सोडून, चपला बाजूला सारून उभा राहतो. वर्गात बाई आल्यावर उभं राहायचं असतं, तसा. आणि मी 'बस' म्हणेपर्यंत बसत नाही.